गुडघेदुखीसाठी रोज दाहशामक गोळी घेणे कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६८ आहे आणि दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. गेले तीन महिने त्या डायक्लोफिनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असलेली गोळी चालू आहे, आणि दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यापासून ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनही चालू आहे. गोळीने चालणे सुसह्य होते, पोटाची काही तक्रार नाही, कारण ॲसिडिटीची कॅप्सूल सोबत घेतली जाते. ही गोळी आणखी किती दिवस घेता येईल आणि तिच्याऐवजी एखादी 'सौम्य' गोळी आहे का, असे आपण विचारले आहे.

थेट उत्तर आधी देतो. आईंनी डायक्लोफिनॅक यापुढे घेऊ नये, आणि ते बंद करण्यासाठी पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. ही गोळी हळूहळू कमी करत नेण्याची गरज नसते, ती एकदम थांबवता येते. ॲस्पिरिन आणि रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नये. असे का म्हणतो, हे समजून घेतले तर 'सौम्य गोळी' या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळेल. ही औषधे वाईट आहेत असे माझे मत नाही. मी ती जवळजवळ रोज लिहून देतो, आणि गाऊटने सुजलेल्या अंगठ्याला किंवा पाळीच्या तीव्र वेदनेला त्यांच्याइतका लवकर आराम देणारी औषधे फार थोडी आहेत. पण गोळी सुरक्षित आहे की नाही हे गोळीकडे पाहून ठरत नाही. ती कोण घेते, तिच्यासोबत आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि ती किती दिवस घेतली जाते, यावर ते ठरते, आणि आईंच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी प्रतिकूल आहेत.

इबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, इंडोमेथॅसिन, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली औषधे आहेत आणि ॲस्पिरिन हे त्यांतले सर्वांत जुने. दुखावलेल्या किंवा सुजलेल्या जागी पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करतात. त्यांच्यामुळे तिथला रक्तपुरवठा वाढतो, सूज येते आणि वेदनेच्या तंतूंची संवेदना तीव्र होते. ही द्रव्ये तयार करणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) ही औषधे अडवतात. जॉन वेन यांनी हे १९७१ साली दाखवून दिले. तोपर्यंत ॲस्पिरिन बाजारात येऊन सत्तर वर्षे उलटून गेली होती, म्हणजे लोक गोळी घेत होते, त्यांना बरेही वाटत होते, पण ती नेमके काय करते हे सांगता येत नव्हते. प्रोस्टाग्लँडिनवरील कामासाठी वेन यांना स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांसह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखणे निर्माण करत नाहीत. जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्माचा थर टिकवणे, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह राखणे आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम चालवणे या नेहमीच्या कामांतही त्यांचा किंवा त्यांच्या जवळच्या द्रव्यांचा हात असतो. गिळलेली गोळी रक्तातून सर्वत्र पोहोचते. गुडघा कोणता आणि जठर कोणते, हे तिला कळत नाही.

म्हणूनच 'मी गोळी कधीच उपाशीपोटी घेत नाही' या वाक्याने माझे समाधान होत नाही. जेवणानंतर गोळी घेतल्याने जळजळ आणि मळमळ कमी होऊ शकते, आणि तेवढ्यासाठी ती सवय चांगली आहे. अल्सर मात्र मुख्यतः रक्तात पोहोचलेल्या औषधामुळे होतो. तो आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीने, इंजेक्शनने किंवा गुदमार्गे दिलेल्या औषधानेही टळत नाही. इंजेक्शन घेतले म्हणजे पोट वाचले, ही समजूत मला जुन्या जाणत्या रुग्णांमध्येही आढळते.

पोटाची तक्रार नसणे हासुद्धा भरवशाचा पुरावा नाही, कारण ही औषधे वेदनाच कमी करतात आणि त्यांच्यामुळे होणारा अल्सर अनेकदा काहीही न दुखता वाढत राहतो. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ जिना चढताना धाप लागते म्हणून आले होते. त्यांना स्वतःला हृदयाची शंका होती. हिमोग्लोबिन ७ निघाले. पाठदुखीसाठी ते पाच महिने रोज एक गोळी घेत होते आणि पोट एकदाही दुखलेले नव्हते. शौचाचा रंग विचारला तेव्हा ते म्हणाले, "काळा होतो, पण लोहाच्या गोळीने होतो ना तसा?" लोहाच्या गोळीने शौच काळे होते हे खरे आहे. रक्तस्रावाने होणारे शौच मात्र डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचे असते, आणि त्यांनी वर्णन केले ते तसेच होते. शिवाय लोहाची गोळी ते घेतच नव्हते.

आईंना ॲसिडिटीची कॅप्सूल चालू आहे ते योग्यच आहे. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल यांच्यामुळे जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग यांतील अल्सरची शक्यता बरीच घटते. आईंना ॲस्पिरिन चालू असल्याने डायक्लोफिनॅक थांबवल्यावरही ती कॅप्सूल ठेवायची की नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. पण तिच्या कामाला मर्यादा आहेत. आतड्याच्या पुढच्या भागांत आम्लाचा संबंध नसतो, त्यामुळे तिथल्या जखमांपासून ती वाचवत नाही. मूत्रपिंड आणि हृदय यांच्याशी तर तिचा काही संबंधच नाही. 'पोटाची गोळी सोबत आहे, म्हणजे सर्व काही सांभाळले आहे' हा गैरसमज या औषधांबाबतचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, असे मी अनुभवाने म्हणतो.

आता मूत्रपिंडाकडे वळतो, कारण आईंच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी तिथली वाटते. मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक रक्तवाहिनी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळण्याचे काम या दोन्हींमधल्या दाबावर चालते. शरीरातील पाणी कमी झाले किंवा रक्ताभिसरण मंदावले, तर प्रोस्टाग्लँडिन रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवून हा दाब सांभाळतात. दाहशामक गोळी नेमकी हीच सोय काढून घेते. टेल्मिसार्टनसारखी औषधे रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात. रक्तदाबाच्या दृष्टीने ते उपयुक्तच असते, परंतु गाळणीतला दाब त्यामुळे आणखी उतरतो. लघवी वाढवणारे औषध एकूण पाणी कमी करते. म्हणजे येणारा नळ आवळलेला, जाणारा नळ उघडा आणि मूळ टाकीतच पाणी कमी, अशी अवस्था होते. आम्ही डॉक्टर या त्रिकुटाला तिहेरी आघात म्हणतो. या तीनही प्रकारची औषधे आईंना आज चालू आहेत, त्यांतली दोन तर एकाच गोळीत आहेत, त्यामुळे घरच्यांच्या ते सहज लक्षात येत नाही.

एरवी हे त्रिकूट कित्येक आठवडे निभावून जाते, पण दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या किंवा तापात पाणी पिणे कमी झाले की चित्र बदलते. अशा वेळी लघवी कमी होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे रक्तातील टाकाऊ द्रव्य) चढते आणि रक्तातील पोटॅशियम वाढते. पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. लवकर लक्षात आले तर औषध थांबवून आणि पाण्याची भरपाई करून मूत्रपिंड बहुधा सावरते. म्हणून माझ्या रुग्णांना मी एक नियम लिहूनच देतो: उलट्या, जुलाब किंवा पाणी कमी पडेल असा कोणताही आजार सुरू झाला की दाहशामक गोळी त्याच क्षणी बंद करायची, आणि रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे हे त्याच दिवशी फोन करून विचारायचे.

मूत्रपिंडाचा आजार आधीपासूनच असेल तर हिशेब आणखी कडक होतो. गाळण्याचा अंदाजे वेग, म्हणजे अहवालावरचा ईजीएफआर, ३० च्या खाली असल्यास ही औषधे टाळावीत, आणि ३० ते ६० च्या दरम्यान असल्यास डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थोड्या दिवसांसाठी आणि रक्ततपासणीच्या देखरेखीखालीच घ्यावीत. नुसते क्रिएटिनिन पाहून निश्चिंत होऊ नये. कृश, वयस्कर व्यक्तीत स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन साधारण दिसते आणि मूत्रपिंड मात्र निम्म्यावर आलेले असते.

तिसरा मुद्दा हृदयाचा. रोफेकॉक्सिब ही गोळी १९९९ साली पोटाला सांभाळून घेणारी म्हणून आली. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये ती जगभरातून मागे घेण्यात आली. त्यानंतर जुन्या गोळ्याही नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा धोका केवळ त्या एका गोळीपुरता नव्हता हे दिसून आले. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली या कुळातील गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला आणि २०१५ साली तो अधिक कडक केला. धोका गोळी सुरू केल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांतच उद्भवू शकतो आणि मात्रेनुसार वाढतो, असे त्यात म्हटले आहे. डायक्लोफिनॅकबाबत युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली स्पष्ट सांगितले, की हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्यांचा आजार असलेल्यांना, पक्षाघात होऊन गेलेल्यांना आणि हृदय कमजोर झालेल्यांना ते देऊ नये. आईंना स्टेंट बसवलेला आहे. माझे पहिले वाक्य इतके ठाम असण्याचे कारण हे आहे. याशिवाय या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब चढतो आणि रक्तदाबाची औषधे निष्प्रभ होतात. 'गोळी वाढवूनही बीपी आटोक्यात येत नाही' म्हणून आलेल्या रुग्णाला मी आधी दुखण्याच्या गोळीबद्दल विचारतो.

आता 'सौम्य' गोळीचा प्रश्न. बहुतेकांच्या मनात इबुप्रोफेन असते. निरोगी, तरुण माणसाने दोन दिवस ते घेण्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आईंना ॲस्पिरिन चालू आहे. ॲस्पिरिन बिंबिकांमधील विकराला कायमचे निकामी करते, म्हणून त्याचा परिणाम त्या बिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. इबुप्रोफेन त्याच जागी तात्पुरते येऊन बसते, ॲस्पिरिनला आत शिरू देत नाही आणि काही तासांनी स्वतःही निघून जाते, त्यामुळे स्टेंटचे संरक्षण कमकुवत होऊ शकते. सेलेकॉक्सिब पोटाला तुलनेने कमी त्रास देते हे खरे आहे, पण ॲस्पिरिन सोबत असले की तो फायदा बराचसा ओसरतो, आणि मूत्रपिंडाच्या दृष्टीने ते इतरांपेक्षा सुरक्षित मानता येत नाही. नॅप्रोक्सेनचा हृदयाचा धोका त्यातल्या त्यात कमी समजला जातो, पण पोटातील रक्तस्रावाचा धोका कमी नाही. थोडक्यात, आईंसाठी या कुळात मला सौम्य म्हणावी अशी गोळी दिसत नाही.

मग गुडघ्याचे काय? डायक्लोफिनॅकचेच जेल गुडघ्यावर लावणे हा मी पहिला पर्याय मानतो. त्वचेतून रक्तात पोहोचणारा औषधाचा अंश गोळीच्या तुलनेत फार थोडा, साधारण सहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि गुडघा त्वचेपासून फार खोल नसल्याने तिथे जेलचा खरोखर उपयोग होतो. कंबर किंवा खुबा यांच्याबाबत मी असे म्हणणार नाही. लोक जेल वाटाण्याएवढे लावतात आणि 'काही फरक नाही' म्हणतात. एक टक्क्याच्या जेलची एका गुडघ्याची मात्रा एका वेळी चार ग्रॅमपर्यंत असते आणि ते दिवसातून तीन ते चार वेळा, निदान दोन आठवडे नियमित लावावे लागते. लावल्यावर त्यावर प्लास्टिक गुंडाळू नये, शेकू नये, जखमेवर लावू नये आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. रक्तात थोडे का होईना औषध जातेच, म्हणून मूत्रपिंडाचे अहवाल पाहून आणि डॉक्टरांच्या कानावर घालूनच ते सुरू करावे.

पॅरासिटामॉल या कुळातले नाही. ते सूज कमी करत नाही आणि गुडघ्याच्या झिजेत त्याचा उपयोग माफकच आहे, पण अधूनमधून, विशेषतः झोपेपूर्वी, ५०० ते १००० मिलिग्रॅम घेतल्यास काहींना बरे वाटते. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. वयस्कर, कमी वजनाच्या किंवा यकृताचा आजार असलेल्या व्यक्तीसाठी ही मर्यादा डॉक्टर आणखी खाली आणतात. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम कंटाळवाणा असतो, पण सहा ते आठ आठवडे नेटाने केल्यास तो गोळीच्या तोडीचा आराम देतो. वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. एवढे करूनही भागले नाही तर सांध्यातील इंजेक्शन आणि पुढे शस्त्रक्रिया यांचा विचार अस्थिरोगतज्ज्ञांकडे करता येतो.

आपल्या घरातील इतरांसाठीही थोडे लिहितो. प्रकृती ठणठणीत असलेल्या प्रौढाने डॉक्टरांना न विचारता इबुप्रोफेन घ्यायचे झाल्यास एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर आणि दिवसाला १२०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा पाळावी. दुखण्यासाठी दहा दिवसांच्या आणि तापासाठी तीन दिवसांच्या पुढे स्वतःच्या मनाने जाऊ नये. एका वेळी ४०० मिलिग्रॅमच्या पुढे वेदनाशमन फारसे वाढत नाही, दुष्परिणाम मात्र वाढत राहतात. डेंग्यूची शंका असलेल्या तापात ही औषधे आणि ॲस्पिरिन टाळून फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, कारण बिंबिका आधीच कमी झालेल्या असतात. गर्भारपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नयेत. लहान मुलांना आणि किशोरवयीनांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. ज्यांना एकदा अशा गोळीने दम्याचा झटका किंवा अंगावर गांध्या आल्या आहेत, त्यांनी संपूर्ण कूळच टाळायचे असते. आणि डोके दुखते म्हणून महिन्यातून पंधरा किंवा त्याहून अधिक दिवस गोळी घेणाऱ्याचे डोके काही महिन्यांनी गोळीमुळेच दुखू लागते.

एका वेळी या कुळातील दोन औषधे घेण्याची चूक जाणूनबुजून कोणी करत नाही, ती नकळत होते. म्हणून मी रुग्णांना घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगतो. एका बाईंच्या पिशवीतून तीन पाकिटे निघाली: कंबरेसाठी असेक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, दाताच्या वेळची डायक्लोफिनॅकची उरलेली पट्टी, आणि तिसरे अर्धे कापलेले पाकीट, ज्यावरचे औषधाचे नाव कात्रीत गेले होते आणि मागे फक्त 'प्रोफेन ४०० मि' एवढेच उरले होते. तिन्हींची व्यापारी नावे वेगळी असल्यामुळे त्यांना ती तीन दुखण्यांची तीन औषधे वाटत होती. नाव मोठ्या अक्षरांत असते आणि आतले औषध बारीक अक्षरांत, म्हणून भिंग लागले तरी चालेल, पण बारीक अक्षरेच वाचावीत. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे, स्टिरॉइड, नैराश्यावरील काही गोळ्या, लिथियम किंवा मेथोट्रेक्झेट यांपैकी काही चालू असेल तर दाहशामक गोळीचे पाकीट उघडण्याआधीच विचारावे.

आईंची या आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन ही तपासणी करून घ्यावी आणि घरी आठवडाभर रक्तदाबाची नोंद ठेवावी. डायक्लोफिनॅक थांबल्यावर रक्तदाब उतरू शकतो. उभे राहताना चक्कर येऊ लागली तर रक्तदाबाच्या गोळीची मात्रा कमी करावी लागेल, ती डॉक्टरांनीच करायची आहे. क्रिएटिनिन वाढलेले निघाल्यास एक-दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. डांबरासारखे शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे किंवा लघवी फार कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालयात न्यावे. गोळी थांबवल्यावर पहिले चार-पाच दिवस गुडघे जास्त दुखतील, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. एकच गुडघा अचानक सुजून लाल आणि गरम झाला व सोबत ताप असला, तर मात्र ते झिजेचे दुखणे समजून जेल चोळत बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी लागते.